प्रकल्प फसला म्हणून मुलीला बी.एड.ला घालू का?

मिरजेहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. झिंक ओळखून यूव्ही दिव्याखाली चमकणारा रेणू तिने बनवला. ॲसिटोनायट्राइल या सेंद्रिय द्रवात तो छान चमकतो, पाण्यात मात्र जवळजवळ विझतो. वडील लिहितात, 'प्रकल्प फसला. हे तिचं क्षेत्र नाही असं आम्ही ठरवलं आहे. बी.एड. सीईटीचा फॉर्म भरू का?'

महोदय,

तुमच्या पत्रात मुलीचे दहावी-बारावीचे टक्के आहेत, चुलतभावाचं पॅकेज आहे, तिच्या गाइडना तुम्ही परस्पर केलेला फोन आहे. तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. ती हल्ली जेवताना बोलत नाही, हेसुद्धा तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मला तिच्या प्रकल्पापेक्षा या गप्प बसण्याची जास्त काळजी वाटते. एम.एस्सी. करणाऱ्या मुलीला न विचारता तिच्या सरांना फोन करायचा नसतो. केलाय, तर तिला तसं सांगा आणि माफी मागा. फॉर्मचं नंतर बघू.

प्रकल्प मुळीच फसलेला नाही. सॉल्व्हंट म्हणजे नुसतं विरघळवणारं द्रव, ही समजूत चुकीची आहे. सॉल्व्हंट बदलला की तीच अभिक्रिया शेकडो पट वेगाने होऊ शकते, हे रशियन रसायनशास्त्रज्ञ मेन्शुटकिन यांनी 1890 मध्येच दाखवलं. पाण्यात झिंकचा आयन पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असतो, पाहुण्यांच्या गराड्यातल्या नवरदेवासारखा. ते रेणू हटल्याशिवाय तुमच्या मुलीच्या रेणूला झिंक धरता येत नाही. ॲसिटोनायट्राइलची पकड सैल, म्हणून तिथे हे सहज जमतं. शिवाय तिचा रेणू शिफ बेस आहे, असं तुम्हीच लिहिलंय. शिफ बेसमधला कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध पाण्यात तुटू शकतो. तिसरी शक्यता अशी की पाण्याच्या हायड्रोजन बंधांमुळे रेणूने शोषलेली ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णता होऊन निघून जाते. यातलं खरं कारण कोणतं, हे शोधण्यातच तिच्या प्रकल्पाचा जीव आहे. नळाचं पाणी तपासायचं तर सेन्सर, म्हणजे असा झिंक ओळखणारा रेणू, पाण्यातच चालायला हवा. पेशींमधलं कॅल्शियम मोजणारा फ्युरा-2 हा चमकणारा रेणू रॉजर त्सिएन यांच्या गटाने 1985 मध्ये मांडला, तोही पाण्यात चालतो म्हणूनच उपयोगाचा ठरला.

तिला एवढं सांगा: झिंक तेवढंच ठेवून पाणी 10-10 टक्क्यांनी वाढवत जा, बफरने पीएच स्थिर ठेव आणि दर वेळी झिंक न घातलेलं द्रावणही मोज. जादा झिंक घातल्यावर चमक परत आली, तर झिंकवरची तिच्या रेणूची पकड कमी पडत होती. झिंकशिवायच्या द्रावणाचा शोषण-वर्णपट (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) तासागणिक बदलत गेला, तर रेणू तुटतोय. थिसिसमध्ये पाण्यातले आकडे लपवू नकोस.

नेट, सेट, गेटची माहिती तिला असणारच. बी.एड. तिला स्वतःला शिकवायची ओढ असेल तरच करावं. पीएच.डी. नको असेल, तर औषध कंपन्यांच्या ॲनालिटिकल लॅब आहेत, पाणी तपासणाऱ्या लॅब आहेत. एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर बसलं की मोबाइल फेजमध्ये, म्हणजे त्यातून वाहणाऱ्या द्रवात, पाणी किती, ॲसिटोनायट्राइल किती, हाच प्रश्न रोज समोर येतो. पाण्यात चमक का गेली, याचा शोध घेतलेली मुलगी तिथे मुलाखतीत अडखळणार नाही.

सीईटीचा फॉर्म तूर्त भरू नका. पुढचं पत्र तिला लिहू द्या, सोबत तो पाण्याच्या टक्क्यांचा आलेख जोडायला सांगा. आणि पाठवण्याआधी ते पत्र वाचायला मागू नका.