कळा फार लागोपाठ येतायत म्हणून सलाइन बंद केलं, म्हणजे काय झालं?

कळा वाढवायचं (ऑक्सिटोसिन या औषधाचं) सलाइन मध्येच बंद केलं, आता बाळंतपण अडणार का, असं तुम्ही विचारलंय. नाही. ते बंद करणं हाच इथला पहिला उपचार.

10 मिनिटांत 5 पेक्षा जास्त कळा, तेही अर्ध्या तासाची सरासरी काढून, म्हणजे 'जास्त'. दुखतं किती, याचा त्या मोजणीशी संबंध नाही. पोटावर हात ठेवून बघा: कळेत ते कपाळासारखं टणक लागतं आणि कळ ओसरली की मऊ पडायला हवं. मधल्या वेळात मऊ पडतच नसेल, तर आकडा पाचाच्या आत असला तरी मला ते जास्त खटकतं. कळेत गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो, वारेकडे (बाळाला आईकडून ऑक्सिजन पोचवणाऱ्या अवयवाकडे) जाणारं रक्त अडतं. त्याची भरपाई दोन कळांमधल्या उसंतीतच होते. उसंत तुटपुंजी पडत गेली की बाळाचे ठोके उतरू लागतात.

ठोके नीट (110 ते 160) असतील तर ऑक्सिटोसिनचा वेग निम्मा करूनही बऱ्याचदा भागतं. ठोके बिघडले की ते पूर्ण बंद, आईला कुशीवर वळवायचं, साधं सलाइन भराभर द्यायचं. तरीही कळा आवरल्या नाहीत तर गर्भाशय सैल करणारं टर्ब्युटालिन, 0.25 मिलिग्रॅम त्वचेखाली. त्याने आईची छाती धडधडते. हृदयविकार असेल किंवा अंगावरून रक्त जात असेल तर ते टाळतात.

ऑक्सिटोसिनचा जोर काही मिनिटांत ओसरू लागतो, कळा सुरू करायला योनीत ठेवलेली डायनोप्रोस्टोनची पट्टी दोरी ओढून काढता येते. त्याच कामाची मिसोप्रोस्टॉलची गोळी मात्र पोटात गेली की गेली. म्हणूनच तिचा डोस 25 मायक्रोग्रॅम इतका छोटा असतो, आणि 200 ची गोळी अंदाजाने तोडून दिली की नेमका इथेच घोळ होतो.

कळांचं कुठलंच औषध दिलेलं नसताना असं झालं, पोट लाकडासारखं घट्ट राहिलं किंवा रक्त दिसलं, तर वार सुटत असू शकते; तिथे कळा थांबवत बसायचं नसतं, तातडीने प्रसूतीचा निर्णय घ्यावा लागतो. आधीचं सिझेरियन असेल तर गर्भाशयावरचा जुना टाका उसवण्याचीही भीती असते.

बाकी, ठोके आणि कळा ताळ्यावर आल्या की सलाइन पुन्हा लावतात: अर्ध्या तासाच्या आत असेल तर साधारण निम्म्या वेगाने, त्याहून उशीर झाला तर अगदी सुरुवातीच्या डोसपासून.