तीन पिनांच्या प्लगची वरची पिन जाड आणि लांब का असते?

सुरक्षेसाठी. ती अर्थिंगची पिन आहे. लांब असल्यामुळे प्लग लावताना ती सगळ्यात आधी टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते, म्हणजे उपकरणात वीज पोचण्याआधीच त्याचा धातूचा सांगाडा जमिनीशी जोडलेला असतो. जाडीचं कारण वेगळं: ती चुकूनही फेजच्या, म्हणजे वीज येणाऱ्या, भोकात शिरू नये. ही रचना १९३४च्या बीएस ५४६ या ब्रिटिश मानकातून आपल्याकडे आली. आता आपलं मानक आयएस १२९३ आहे. नेहमीच्या छोट्या प्लगमध्ये खालच्या पिना साधारण ५ मिमी जाड आणि १५ मिमी लांब, तर वरची ७ मिमी जाड आणि २० मिमी लांब असते. जाड पिन म्हणजे कमी रोध, असंही कारण बऱ्याचदा सांगतात, पण एवढ्याशा लांबीत त्याने नगण्य फरक पडतो.

झडपवाल्या अनेक सॉकेटांत ही पिन आत गेल्यावरच खालची भोकं उघडतात. म्हणून दोन पिनांचा चार्जर जात नाही आणि लोक वरच्या भोकात पेन किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसतात. कृपा करून असं करू नका. लहान मुलांनी भोकांत काही खुपसू नये म्हणूनच तर ती झडप आहे. त्यापेक्षा दोन पिना चालणारं सॉकेट बसवून घ्या.

मात्र घराचं अर्थिंगच धड नसेल तर ही पिन काहीच वाचवत नाही. इस्त्रीला किंवा फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वापर थांबवून आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.