हवा, हवामान आणि बदललेल्या चपला

नाशिकहून एका वाचकानं विचारलंय: ‘हवामान बदल म्हणावं, वातावरण बदल म्हणावं की जागतिक तापमानवाढ? आमच्या घरी यावरून रोज जुंपते. वडील म्हणतात, निफाडला पारा पाचावर येतो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात आणि तुम्ही तापमानवाढ म्हणता. शब्दच खोटा आहे.’

शब्द खोटा नाही, चुकीच्या खुंटीवर टांगलाय. वडिलांना आधी माझा नमस्कार सांगा, मग पुढचं वाचून दाखवा.

वडिलांचं हे वाक्य मी दर जानेवारीत ऐकतो. आमच्या टेकडीवर सकाळी एक गृहस्थ येतात. कानटोपी, वर मफलर, हातात काठी. थंडी पडली की लांबूनच ओरडतात, ‘काय हो, कुठं गेलं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?’ जसं काही ते माझ्या मालकीचं होतं आणि मीच कुठं तरी ठेवून विसरलो. एप्रिलमध्ये हेच गृहस्थ घाम पुसत मुकाट्यानं जातात. तेव्हा मी त्यांना काही विचारत नाही, कारण तीही तीच चूक होईल, एका दिवसावरून निकाल देण्याची.

अमेरिकेत तर ही चूक थेट सिनेटमध्ये झाली. २६ फेब्रुवारी २०१५ ला सिनेटर जेम्स इनहोफ यांनी बर्फाचा गोळा पिशवीत घालून सभागृहात आणला आणि भिरकावला. म्हणणं एवढंच, की बघा, बाहेर किती थंडी आहे. हे गृहस्थ तेव्हा सिनेटच्या पर्यावरण समितीचे अध्यक्ष होते! इंग्रजीत आजउद्याचं ते वेदर आणि वर्षानुवर्षांचं ते क्लायमेट, असे दोन वेगळे शब्द आहेत, तरी ही तऱ्हा. हिंदीतही मौसम वेगळा, जलवायू वेगळा. आपण मात्र दोन्ही कामांना एकच गडी लावलाय: हवामान.

आणि इथंच मला राहवत नाही. ‘हवा’ अरबी, फारसीमार्गे आली, हे सगळ्यांना ठाऊक आहे, पुढं चला. (‘मला चहा हवा’ यातला हवा निराळा. तो ‘व्हावा’चा, म्हणजे ‘होणे’च्या घरचा.) खरी गंमत आहे ती ‘मान’मध्ये. संस्कृत ‘मा’ धातू, म्हणजे मोजणे. मात्रा, माप, प्रमाण, परिमाण, अनुमान ही सगळी त्याचीच पोरं. ‘वर्तमान’ आणि ‘विद्यमान’ यांतला मान मात्र याचा कुणी लागत नाही, तो नुसता प्रत्यय आहे. त्याला यात ओढू नका.

आता मराठीनं हा मोजणारा ‘मान’ कुठं कुठं जोडला ते बघा. पर्जन्यमान, आयुर्मान, राहणीमान. परवा गच्चीवरचे पापड भिजवून गेली ती सर. तिला कुणी पर्जन्यमान म्हणतं का? देशाच्या मोसमी पावसाची सरासरी ८७ सेंटिमीटर सांगतात, ती १९७१ ते २०२० अशा ५० वर्षांची गोळाबेरीज करून, ते पर्जन्यमान. आजोबांचं असतं ते वय, आयुर्मान एकट्या आजोबांचं नसतं. दिवाळीत नवा टीव्ही आला म्हणून राहणीमान बदललं असं होत नाही. ‘मान’ चिकटला की शब्द एका सरीतून, एका माणसातून, एका दिवसातून बाहेर पडतो आणि पुष्कळांची मोजदाद करायला लागतो.

म्हणजे ‘हवामान’ हा शब्द घडणीनंच क्लायमेट आहे! हवेचं वर्षानुवर्षांचं मान. शास्त्रज्ञ त्यासाठी साधारण ३० वर्षांची सरासरी धरतात. रोजची असते ती नुसती हवा. माझी आजी ‘आज हवा कुंद आहे’, ‘हवा पडलीय’ असंच म्हणायची. हवामान हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. दुखण्यातून उठलेला माणूस हवापालटाला जायचा, हवामानपालटाला नव्हे.

मग रोजच्या हवेला हवामान केलं कुणी? माझा संशय खात्याच्या नावावर आहे. खातं हवामानाचं, सांगणार उद्याचा पाऊस. त्यामुळे नाव उद्याच्या पावसाला चिकटलं. पुण्यात १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून आलं, म्हणून ती इमारत आजही सिमला ऑफिस. जुने पुणेकर तिथल्या अंदाजाला ‘वेधशाळेचा अंदाज’ म्हणत. तेवढं टिकलं असतं तर निम्मा घोळ झालाच नसता.

कोशाच्या कामात हयात घालवलेल्या एका विद्वानांना मी हे सांगितलं. त्यांनी फोनवरच निकाल दिला: ‘मग तापमानाचं काय? ते तर या क्षणाचं असतं. कोसळला तुमचा सिद्धांत.’ कोसळला नाही हो! तापमान अपवाद आहे, कबूल. पण भांडणाचं मूळ त्या अपवादातच आहे, हे त्यांच्या लक्षात येईना. ज्या गोष्टीला वर्षानुवर्षांचं मान लागतं, तिला आपण ‘तापमान’ हा घटकेचा शब्द दिला. जी गोष्ट घटकेची, तिला ‘हवामान’ हा लांब पल्ल्याचा. देवळाबाहेर चपला बदलतात तसं झालं. वडिलांनी ‘तापमानवाढ’ ऐकलं, पाऱ्याकडे बघितलं, तिथं पाच. त्यांचं काय चुकलं? विद्वान म्हणाले, ‘ओढूनताणून आहे.’ असेल. पण ते सांगतात त्या ‘हवामान म्हणजे हवेची स्थिती’ या व्याख्येत ‘मान’ नेमका कशासाठी आहे, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

लांब पल्ल्याचं मान काय सांगतं, तेही ऐका. पुण्यातल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या २०२० च्या सरकारी अहवालात आकडा आहे: १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. या ०.७ नं निफाडची गारठलेली पहाट खोटी ठरत नाही, आणि त्या पहाटेनं ०.७ पुसलं जात नाही. एक हवा आहे, दुसरं हवामान.

आणखी एक ठेवणीतला आक्षेप असतो, तोही आटोपतो: ‘आधी ग्लोबल वॉर्मिंग म्हणत होते, गरम होईना तेव्हा नाव बदलून क्लायमेट चेंज केलं.’ साफ चूक. अमेरिकी शास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर यांच्या १९७५ च्या गाजलेल्या लेखाच्या शीर्षकात ‘क्लायमॅटिक चेंज’ आणि ‘ग्लोबल वॉर्मिंग’ हे दोन्ही प्रयोग आहेत. १९८८ मध्ये आयपीसीसी, म्हणजे ‘इंटरगव्हर्नमेंटल पॅनेल ऑन क्लायमेट चेंज’ ही आंतरराष्ट्रीय समिती, स्थापन झाली. त्यातले दोन ‘सी’ क्लायमेट चेंजचेच. उलट २००२ मध्ये, त्या बर्फवाल्या इनहोफ यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे सल्लागार फ्रँक लुंट्झ यांनी एका टिपणात सुचवलं होतं, की क्लायमेट चेंज म्हणा, ते ग्लोबल वॉर्मिंगपेक्षा कमी भीतीदायक वाटतं. म्हणजे नाव बदलायचा सल्ला आला तो कुठल्या बाजूनं, ते वडिलांना आवर्जून सांगा.

अरे हो, तुमचा प्रश्न. ‘वातावरण बदल’ नको. वातावरण म्हणजे वात अधिक आवरण, पृथ्वीभोवतीचं हवेचं पांघरूण. नाही तर लग्नघरातलं, निवडणुकीतलं. ‘आज वातावरण ढगाळ आहे’ म्हणणाऱ्या वाहिन्यांवर वेगळं लिहीन, आज नको. ‘जागतिक तापमानवाढ’ चालेल, ते कारण आहे. त्यातून पाऊस, वारा, ऋतू यांचं जे होतं त्याला हवामानबदल म्हणा. जोडून लिहा, समास आहे तो. तापमानवाढ जोडून लिहिता आणि हवामान बदल तोडून, हे कुठलं व्याकरण?