निळी गोळी आणि सावजीचं जेवण

प्रश्न : वय 52, आठ वर्षांपासून शुगर. वर्षभरापासून ताठरता येते, पण टिकत नाही. मित्राने दिलेली 50ची निळी गोळी दोनदा घेतली. एकदा जमलं. दुसऱ्यांदा सावजीत मटण खाऊन आल्यावर घेतली, तर काहीच नाही. आता 100ची घेऊ का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आधी मित्राच्या खिशातली गोळी बंद करा. ही सिल्डेनाफिल. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी तुम्हाला दिलेली असेल, तर ही पूर्ण वर्ज्य. दोन्ही एकत्र झाल्या की रक्तदाब कोसळून जीवावर बेततं. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

दुसऱ्यांदा का फसली? तर्रीचं तेल. तेलकट, भरपेट जेवणावर ही गोळी रक्तात उतरायला तासभर उशीर लावते आणि तिचा जोरही घटतो. डॉक्टरांनी लिहून दिलीच, तर हलकं जेवा, दोनेक तास जाऊ द्या, गोळी घ्या आणि तासभर थांबा. ती घेऊन टीव्हीसमोर बसलात तर काही होणार नाही. इच्छा आणि स्पर्श लागतोच. दिवसाला एकच. ताठरता चार तासांवर राहिली तर लाज सोडून थेट कॅज्युअल्टी.

खरा मुद्दा वेगळाच आहे. शिश्नाच्या धमन्या जेमतेम 1-2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3-4. शुगरने नळ्या अरुंद होऊ लागल्या की बारीक नळी आधी कुरकुरते, म्हणून ही तक्रार कधीकधी हृदयविकाराच्या काही वर्षं आधी येते. एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (रक्तातली चरबी), बीपी, ईसीजी करून घ्या. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या तपासणीचं रक्त सकाळी 8 ते 10 मध्येच द्या. पहाटे ताठरता नीट येत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, मग दोष बहुधा ताणाचा. आणि खर्रा! पन्नीत घोटलेली ती तंबाखू याच नळ्या आवळते. खर्रा चालू ठेवून 100ची गोळी मागण्यात अर्थ नाही.

प्रश्न : वय 49, सात महिने पाळी नाही. संबंधाच्या वेळी आग होते. खोबरेल चालेल? कंडोम सोडावा का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : कंडोमसोबत खोबरेल नको, तेलाने लेटेक्स फाटतं. मेडिकलमधून वॉटर बेस जेली आणा; सुकली तर पुन्हा लावा. तरी आग राहिली तर स्त्रीरोगतज्ज्ञांना इस्ट्रोजेन क्रीमबद्दल विचारा. कंडोम इतक्यात सोडू नका : पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक. वर्षभर पाळी नसताना पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर, तरी त्याच आठवड्यात दाखवा.