घटनेत आराखडा नको, फेरविचाराची तारीख हवी

प्रश्न : अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःची राज्यघटना असते. मग शहर आणि काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कारभाराचा सुधारित आराखडा थेट त्या घटनेतच घातला तर पुढच्या सरकारला तो मोडता येणार नाही. हाच पक्का मार्ग नाही का? – एक वाचक

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. 1868 मध्ये आयोवा राज्याचे न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी निकाल दिला की, राज्याचं विधिमंडळ देईल तेवढेच अधिकार शहराला. शंका आली तर अधिकार नाही असंच धरायचं. त्यातून सुटण्यासाठी लोक घटनेकडे वळले. मिसूरीने 1875 च्या घटनेत शहराला स्वतःची सनद, म्हणजे कारभाराची मूळ नियमावली, लिहिण्याचा हक्क दिला, तो देशात पहिला.

पण आराखडाच घटनेत गोठवला की काय होतं, तेही मिसूरीतच दिसतं. त्याच घटनेच्या आधारे सेंट लुइस शहराने 1876 मध्ये काउंटीपासून फारकत घेतली. तेव्हा ऐसपैस वाटलेली हद्द पुढे कायमची ठरली. वस्ती बाहेर पसरत गेली, शहराला मात्र हातपाय पसरता आले नाहीत. 1950 मध्ये तिथे साडेआठ लाखांवर लोक होते, 2020 मध्ये तीन लाखांच्या आसपास. कारणं इतरही आहेत, पण हे मोठं. अलाबामाची तऱ्हा आणखी वाईट. 1901 च्या घटनेने काउंट्यांना स्वतःचे अधिकार जवळपास ठेवलेच नाहीत, म्हणून बिंगो खेळू द्यायचा की नाही, असल्या स्थानिक प्रश्नालाही घटनादुरुस्ती! साडेनऊशेवर दुरुस्त्या झाल्या, त्यातल्या बहुतेक एखाद्या काउंटीपुरत्या. कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावण्यासाठीच जमलेल्या सभेने ती घटना लिहिली होती. लोकांवरचा अविश्वास तिच्या मुळातच होता.

मला मनापासून पटलेली वाट मोंटाना राज्याची. 1972 मध्ये तिथे शंभर प्रतिनिधींनी नवी घटना लिहिली. ते पक्षवार बसलेच नाहीत, आडनावांच्या अक्षरक्रमाने बसले. त्यांनी कारभाराचा एकच साचा लादला नाही. दर दहा वर्षांनी प्रत्येक शहराने, प्रत्येक काउंटीने आपल्या कारभाराची रचना तपासायची, एवढं बंधन घातलं. 1978 च्या घटनादुरुस्तीने त्यात भर पडली: आधी मतदारांना विचारायचं, ‘रचना तपासायची का?’

2024 च्या जूनमध्ये मी मुलीकडे मोंटानात होते, तेव्हा तिची टपालाने आलेली मतपत्रिका पाहिली. प्रश्न अगदी रोखठोक होता. अभ्यास मंडळ नेमावं का, त्यात सदस्य किती, खर्च जास्तीत जास्त किती, सगळं त्याच वाक्यात. ‘हो’ म्हणायचं तर पैसे किती जातील हे मतदाराला आधीच कळतं. कौल मिळाला तर सदस्यही लोकच निवडतात. मंडळ साधारण दोन वर्षं सुनावण्या घेतं. बदल सुचवला तर तो पुन्हा मतदानाला जातो. पहिल्या फेरीतच, 1976 मध्ये, खाणींच्या ब्यूट शहराने आणि सिल्व्हर बो काउंटीने एकत्र कारभार स्वीकारला. पुष्कळ ठिकाणी लोक ‘नको’ म्हणतात, आणि तेही योग्यच.

आता तुमचा मुद्दा, सरकारने मोडू नये हा. मोंटानाच्या विधिमंडळाला हा दहा वर्षांचा प्रश्न साध्या कायद्याने टाळता येत नाही, कारण तो घटनेत आहे. शिवाय स्वशासनाची सनद घेतलेल्या शहराला घटनेने, कायद्याने किंवा सनदेने मनाई केलेली नाही ते सगळं करता येतं. म्हणजे डिलनचा नियम उलटा केला. घटनेत लिहायचं ते हे दोन हक्क. महापौर हवा की नेमलेला व्यवस्थापक, प्रभाग किती, हे त्या त्या गावाने ठरवावं.