डायव्हिंगचं सामान : तुमचे प्रश्न

प्रश्न : मालवणात पर्यटकांना स्कूबासाठी नेणाऱ्या होडीवर मी काम करतो. माझा स्वतःचा एक सेकंडहँड रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासासाठी पुरवणारं उपकरण) आहे, साध्या पिस्टनचा. सीझनच्या शेवटी शेवटी टाकी उघडून तो नुसता ठेवला की थोड्या वेळाने सेकंड स्टेजमधून, म्हणजे तोंडात धरायच्या भागातून, फुसफुस सुरू व्हायची. तोंडात धरून श्वास घेतला की थांबायची. मित्र म्हणतो, सेकंड स्टेज जरा आवळ. आता पावसाळ्यात होड्या वर ओढल्यात, हाताशी वेळ आहे. व्हिडिओ बघून फर्स्ट स्टेज घरीच उघडू का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : आधी मित्राला सांगा, सेकंड स्टेजला हात लावायचा नाही. आवाज तिथून येतो, पण तुमच्या वर्णनावरून दुखणं टाकीवर बसणाऱ्या फर्स्ट स्टेजचं दिसतंय.

भरलेल्या टाकीत साधारण 200 बार दाब असतो. फर्स्ट स्टेज तो उतरवून, भोवतालच्या दाबापेक्षा साधारण 9 ते 10 बार जास्त एवढाच होजमध्ये (नळीत) सोडते. आत पितळी भोकाची धारदार कड असते आणि तिच्यावर टेकणारी प्लास्टिकची सीट. होजमधला दाब ठरलेल्या पातळीला पोचला की पिस्टन सरकतो, सीट कडेवर बसते, हवा थांबते. सीटला खोल खाच पडली किंवा कडेवर मिठाचा कण बसला, की झिजलेल्या वायसरच्या नळासारखं होतं : बंद असूनही झिरपत राहतं. होजमधला दाब हळूहळू चढतो आणि शेवटी सेकंड स्टेजची झडप त्याला वाट करून देते. तिची रचनाच तशी असते. तुम्ही श्वास घेता तेव्हा साचलेला दाब उतरतो, म्हणून आवाज थांबतो. झडप आवळलीत तर फुसफुस कदाचित बंद होईल, पण श्वास जड लागेल आणि आतला दाब चढतच राहील.

मोजल्याशिवाय पाना लावायचा नाही, याबद्दल मी फार आग्रही आहे. बीसीडीच्या (हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटच्या) होजच्या टोकाला बसणारा दाबमापक मिळतो, तो घ्या. भरलेली टाकी जोडा, हळूच उघडा, सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं पर्ज बटण चार-पाच वेळा दाबा आणि काट्याकडे बघत बसा. काटा चढून एका जागी थांबला, तर सीट धरतेय. चढतच राहिला, तर दुखणं सापडलं. मग हेच 50 बारच्या आसपास उतरलेल्या टाकीवर करा. तुमचा पिस्टन अनबॅलन्स्ड, म्हणजे टाकीतला दाब बदलला की ज्याचा आकडाही बदलतो असा, असेल तर तिथे आकडा थोडा कमी येईल. तो बिघाड नव्हे, त्या रचनेचा स्वभाव आहे.

आता घरी उघडायचं का? माझं उत्तर नाही असं आहे. या साध्या पिस्टनमध्ये भाग मोजकेच, उघडणं खरंच सोपं. म्हणूनच भीती वाटते. जुनी ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) काढायला हाताला लागेल ती स्टीलची सुई घेतली जाते, ती घसरते आणि त्या कडेवर किंवा ओ-रिंगच्या खोबणीत ओरखडा उठतो. कड खरचटली की नवी सीटही धरत नाही, बहुतेकदा अख्खी बॉडी जाते. ओ-रिंग काढायला पितळेचा किंवा प्लास्टिकचा टोच्या लागतो. शिवाय त्याच मॉडेलचा सर्व्हिस किट लागतो, आणि बहुतेक कंपन्या तो प्रशिक्षित तंत्रज्ञालाच देतात. आपल्याकडे गंजलेल्या स्क्रूला खोबरेल तेल लावायची सवय आहे. इथे खोबरेल, व्हॅसलीन, मशीनचं तेल काहीही चालत नाही. श्वासाची हवा त्यावरूनच जाणार, आणि ऑक्सिजनचं प्रमाण जास्त असलेला वायू भरला तर तेलाला आग लागू शकते.

तुम्ही करायचं ते एवढं : टाकी बंद करून पर्ज दाबा, दाब पूर्ण शून्यावर आणा, रेग्युलेटर उतरवा आणि हवा आत शिरते तिथला फिल्टर उजेडात बघा. हिरवा असेल तर खारं पाणी आत गेलंय. तांबूस भुकटी म्हणजे स्टीलची टाकी आतून गंजतेय, काळपट असेल तर कॉम्प्रेसरच्या फिल्टरवर संशय घ्या. शेवटच्या दोन्हींत नुसता रेग्युलेटर दुरुस्त करून भागणार नाही, त्याच टाकीवर तो पुन्हा खराब होईल.

प्रश्न : डायव्हनंतर रेग्युलेटर गोड्या पाण्यात बुडवून ठेवतो, तरी फिल्टर हिरवा होतो. का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : फर्स्ट स्टेजमध्ये हवा शिरते त्या तोंडावरची डस्ट कॅप (झाकण) ओली असताना बसवत असाल. ती आधी फडक्याने कोरडी करा, मग घट्ट बसवा. टाकीच्या हवेचा फवारा मारून वाळवायची पद्धत सोडा, थेंब उडून आत जातात. आणि बुडवलेला असताना पर्ज बटण दाबू नका. आत दाब नसतो, झडप उघडते आणि पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत पोचतं. फिल्टर आताच हिरवा आहे, तेव्हा सर्व्हिसची तारीख यायची वाट बघू नका. तंत्रज्ञाकडून काढलेली जुनी सीट मागून घ्या आणि भरलेल्या व उतरलेल्या टाकीवरचे दाबाचे आकडे बिलावर लिहून घ्या, पुढच्या वर्षी ताडायला लागतील.