वर्गात एक टीव्ही आणि शिक्षकाचा एक मोबाईल, एवढ्यावर शिकवणं खरंच सुधारतं का? सुरुवात कुठून करावी?

सर, तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवता. लोकवर्गणीतून मोठा टीव्ही आलाय, ग्रामपंचायत आणखी काही रक्कम द्यायला तयार आहे, आणि त्यातून टॅब घ्यावेत की आणखी काही, असं तुम्ही विचारलंय. मुलं व्हिडिओ आवडीने बघतात पण चाचणीत फरक दिसत नाही, ही तुमची खंत आहे.

मीही याच इयत्तांना हेच विषय शिकवते, आणि आमच्या केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत यावर बोलायची वेळ माझ्यावर बऱ्याचदा येते. माझं मत अगदी ठाम आहे. मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते शिक्षकाला कळावं, यासाठी तंत्रज्ञान वापरलं तर शिकणं सुधारतं. नुसतं दाखवण्यासाठी वापरलं तर तास रंगतो, आणि ते तिथेच थांबतं.

आपल्या नेहमीच्या तासाकडे बघा. आपण शिकवतो, मग विचारतो, "समजलं का?" सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. प्रश्न टाकला की तीच चार-पाच मुलं हात वर करतात, त्यांचं उत्तर बरोबर येतं आणि आपण पुढे सरकतो. उरलेल्या तिसेक मुलांचं काय झालं हे थेट घटक चाचणीत कळतं, तेव्हा तो घटक मागे पडलेला असतो. व्हिडिओ लावला की तर प्रश्नही कोणी विचारत नाही. म्हणून चाचणीत फरक दिसत नाही.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय आहे प्लिकर्स हे मोबाईल ॲप. प्रत्येक मुलाच्या हातात कागदाचं एक कार्ड असतं. त्यावर क्यूआर कोडसारखं काळं-पांढरं चित्र आणि चार कडांना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. प्रश्न टीव्हीवर किंवा फळ्यावर. मुलाने आपल्या उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं, आपण मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कोणाचं उत्तर काय ते फोनवर येतं. प्रत्येक कार्डावरचं चित्र वेगळं असतं, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून तसंच धरलं तरी उपयोग होत नाही. मुलांकडे ना उपकरण लागतं, ना चार्जिंग. कार्डं प्लिकर्सच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून छापता येतात. फक्त चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड चमकला की कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली कार्डं छान टिकतात. आणि टीव्हीवर निकाल दाखवताना मुलांची नावं दिसू देऊ नका. चुकलेल्याचं नाव एकदा सगळ्यांसमोर आलं की पुढच्या वेळी ते मूल स्वतःचं उत्तर द्यायचं सोडून हुशार मुलाकडे बघायला लागतं.

खरी मेहनत प्रश्न तयार करण्यात आहे. सहावीच्या दशांश अपूर्णांकांवरचा हा प्रश्न बघा: सगळ्यात मोठी संख्या कोणती? ए) ०.४ बी) ०.४५ सी) ०.३७५ डी) सांगता येणार नाही. उत्तर बी, हे उघड आहे. पण मला जास्त रस चुकीच्या उत्तरांमध्ये असतो. सी धरणारं मूल दशांश चिन्हापुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतं: चार, पंचेचाळीस, तीनशे पंच्याहत्तर. ए धरणाऱ्या मुलाने अर्धा नियम बरोबर शिकलेला असतो: दशांश हा शतांशापेक्षा मोठा, म्हणून चिन्हापुढे कमी अंक असलेली संख्या मोठी. दोघांचं चुकतं, पण इलाज वेगवेगळा. पहिल्याला रुपया-पैशात बोलावं: चाळीस पैसे, पंचेचाळीस पैसे आणि साडेसदतीस पैसे. दुसऱ्याला शंभर चौकोनांचा कागद देऊन रंगवायला बसवावं. मी हाच प्रश्न ०.५ आणि ०.४५ घेऊन विचारला असता, तर ए वाल्या मुलांचं उत्तर चुकीच्या कारणाने बरोबर आलं असतं आणि मला पत्ताही लागला नसता. आपल्या स्वाध्यायांतले बरेच प्रश्न असेच निसटतात.

मते आली की लगेच उत्तर सांगू नका. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मॅझूर १९९१ पासून ही पद्धत वापरत आले आहेत: संकल्पनेवरचा एक प्रश्न, प्रत्येकाने एकट्याने विचार करून मत द्यायचं, मग शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवून द्यायचं आणि पुन्हा मत द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं बरोबर आलं असेल तेव्हा ही चर्चा सगळ्यात फळते. त्याहून कमी असेल तर पुन्हा शिकवायला हवं, जास्त असेल तर पुढे जायला हरकत नाही. माझ्या वर्गात दशांशाच्या या प्रश्नावर ए धरलेली एक मुलगी शेजाऱ्याला म्हणाली, "शतांश म्हणजे बारीक तुकडे ना? मग पंचेचाळीस असले तरी बारीकच की." त्यावर तो म्हणाला, "अगं, पण चाळीस शतांश झाले की चार दशांश भरतात. हे तर त्याच्यावर पाच आहेत." इतकं नेमकं स्पष्टीकरण मी दिलेलं नव्हतं. तिच्या मनातली शंका काय आहे हे त्याला माझ्यापेक्षा लवकर कळलं, कारण तो स्वतः नुकताच त्यातून बाहेर पडला होता.

इंटरनेट नसेल त्या दिवशी हेच पाटीवर करा. सगळ्यांनी उत्तर लिहायचं आणि "तीन, दोन, एक" म्हटलं की पाट्या एकदम वर. मोबाईलचा फायदा इतकाच की नोंद राहते, आणि आठवड्याने त्याच प्रकारचा प्रश्न विचारून कोण अजून अडकलंय ते बघता येतं.

आता टॅबचं. मी लगेच घेऊ नका म्हणेन, आणि त्याला कारण आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने गरीब मुलांना लाखो छोटे लॅपटॉप दिले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांमध्ये झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले: मुलं संगणक भरपूर वापरत होती, पण गणितात आणि भाषेत सुधारणा आढळली नाही. याउलट आपल्या शेजारच्या बडोद्याचं उदाहरण घ्या. तिथल्या महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांना २००० साली सरकारकडून चार-चार संगणक मिळाले होते, आणि ते बहुतेक ठिकाणी पडूनच होते. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेने त्यावर चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ बसवले. एका संगणकावर दोन मुलं, आठवड्याला दोन तास. मुलाला जमेल तसा प्रश्नांचा कठीणपणा बदलायचा. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजलं, तेव्हा गणितात ठळक वाढ दिसली. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातली बरीचशी ओसरली, हेही त्याच अभ्यासात आहे. भाषेच्या गुणांवर परिणाम नव्हता.

दिल्लीतला माइंडस्पार्क या संगणकावरच्या सराव कार्यक्रमाचा अभ्यास मला त्याहूनही महत्त्वाचा वाटतो. शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत सहावी ते नववीची मुलं रोज दीड तास यायची: अर्धा वेळ संगणकावर स्वतःच्या पातळीचा सराव, अर्धा वेळ लहान गटात शिक्षकाबरोबर. सोडत काढून प्रवेश दिले होते, त्यामुळे प्रवेश न मिळालेल्या मुलांशी तुलना चोख होती. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली प्रगती झाली. त्या अभ्यासातला एक आकडा मी शिक्षण परिषदेत प्रत्येक वेळी सांगते. सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होतं, आणि नववीपर्यंत ते अंतर साडेचार इयत्तांचं झालेलं होतं. म्हणजे आपण आठवीचं समीकरण फळ्यावर मांडतो तेव्हा समोरच्या कित्येक मुलांचा साधा भागाकार अजून पक्का नसतो. अशा वर्गात सगळ्यांना एकच व्हिडिओ कितीही सुंदर असला तरी कोणाच्या उपयोगाचा? यंत्राने मुलाचं उत्तर ऐकलं आणि त्याप्रमाणे पुढचं काम दिलं, तिथे फायदा झाला. नुसतं हातात दिलं, तिथे झाला नाही. या अभ्यासांवरून मी काढलेला अर्थ हा असा आहे.

म्हणून टॅब घ्यायचेच असतील तर वर्षभराने, पाच-सहाच, आणि मागे पडलेल्या मुलांच्या सरावासाठी घ्या. सध्याच्या रकमेत एचडीएमआय केबल, मजबूत मोबाईल स्टँड, कार्डांची छपाई आणि इन्व्हर्टर बसवा. वीजबिल आणि दुरुस्ती कोण करणार हे ग्रामपंचायतीकडून आत्ताच लेखी ठरवून घ्या. उद्घाटनाला सगळे येतात, टीव्ही बंद पडला की कोणी येत नाही.

मोबाईल स्टँड का म्हणते? फोन कॅमेरा खाली येईल असा स्टँडवर लावून केबलने टीव्हीला जोडला की कोणाचंही वहीचं पान सगळ्या वर्गाला दिसतं. मी तासाला फिरताना एक छान चुकलेलं उदाहरण हेरते, त्या मुलाची परवानगी घेते, नाव झाकते आणि पान टीव्हीवर घेते. "हे गणित कुठल्या पायरीपर्यंत बरोबर आहे?" इथून चर्चा सुरू होते. मुलं फळ्यावरच्या माझ्या सुबक मांडणीपेक्षा या पानाकडे कितीतरी बारकाईने बघतात. त्या टीव्हीचा याहून चांगला उपयोग मला सापडलेला नाही.

विज्ञानासाठी फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, वापरा. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. सगळं मोफत आहे, काही सिम्युलेशन्स मराठीतही आहेत, आणि बरीचशी उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. पण लावायच्या आधी अंदाज विचारा. एक सेल, एक दिवा, दिवा लागलाय. आता त्याच वाटेवर तसाच दुसरा दिवा जोडला तर? ए) पहिला जास्त तेजस्वी, दुसरा मंद बी) दोन्ही सारखेच मंद सी) दोन्ही पहिल्यासारखेच तेजस्वी डी) एकही लागणार नाही. बरीच मुलं ए धरतात, कारण पहिला दिवा वीज 'खाऊन टाकतो' अशी त्यांची समजूत असते. सिम्युलेशनमध्ये दोन्ही दिवे सारखेच मंद होतात आणि तारेतले इलेक्ट्रॉन सगळीकडे सारख्याच वेगाने सरकताना दिसतात. प्रत्यक्षात ते कधीच दिसणार नाहीत.

तरीही खरे दिवे, खरी तार बाजूला ठेवू नका. बाजारातले टॉर्चचे दोन दिवे तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे एक थोडा जास्त लागतो आणि मुलं म्हणतात, "बघा, आम्ही म्हटलं नव्हतं?" तेव्हा दिव्यांची अदलाबदल करायला सांगा. जास्त लागणारा दिवा जागा बदलली तरी जास्तच लागतो. फरक जागेचा नसून दिव्याचा आहे, हे त्यांना स्वतःच्या हाताने कळतं. पडदा आणि वस्तू दोन्ही हव्यात, आणि दोन्हींच्या आधी अंदाज हवा.

व्हिडिओ पूर्ण सोडा असं मी म्हणत नाही. हृदयाचे कप्पे, ज्वालामुखी, पेशीचं विभाजन हे फळ्यावर दाखवता येत नाही. दोन-तीन मिनिटांवर थांबवा आणि पुढे काय होईल ते विचारा. दुसऱ्यांदा लावताना आवाज बंद करून मुलांना बोलायला सांगा. कोणाला काय कळलंय ते त्यांच्या शब्दांतून लगेच समजतं. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोडही मुलाला हवं तेव्हा, हवं तितक्यांदा बघता येतं म्हणून मोलाचे आहेत. ही वाट दाखवणाऱ्यांत माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आघाडीवर होते. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि अर्धी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना वाटली. फक्त एक ध्यानात ठेवा: बऱ्याच घरांत फोन एकच असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर असतो. फोनवरचा गृहपाठ सक्तीचा केला तर नेमकी गरजू मुलंच मागे राहतात.

सुरुवात आठवड्याला एका प्रश्नाने करा, रोज नको. सहावीला वरचा दशांशाचा. सातवीला -७ आणि -३ पैकी मोठी कोणती, आणि सोबत कारणांचे पर्याय द्या. आठवीला विज्ञानात हा विचारा: पाणी खळखळून उकळतं तेव्हा येणाऱ्या मोठ्या बुडबुड्यांत मुख्यतः काय असतं? ए) हवा बी) पाण्याची वाफ सी) हायड्रोजन आणि ऑक्सिजन डी) काहीच नाही. ए धरणाऱ्यांना विचारा, इतकी हवा पाण्यात आली कुठून आणि पातेलं आटेपर्यंत ती संपत कशी नाही. सी धरणाऱ्यांशी भौतिक आणि रासायनिक बदलांतला फरक पुन्हा बोलायला लागेल. तो धडा झालेला असला तरीही.